उद्यमबागेतलं बिननावाचं गॅरेज आणि माझी पालिओ १.६

बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाकडून खानापूर रोडनं पुढं आलं की उद्यमबाग लागते. आतल्या एका गल्लीत, दोन टर्निंग शॉपच्या मधे, पत्र्याची लांबट शेड आहे. पाटीवर मालकाचं नाव नाही. वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत 'ब्रेक, सस्पेन्शन काम' एवढंच रंगवलंय. जानेवारीत माझी गाडी तिथं अकरा दिवस होती. त्याला आता सात महिने झाले, गाडी ६,४०० किलोमीटर पळाली, एक अख्खा पावसाळा निघत आला. म्हणून आता लिहितोय. काम झाल्या झाल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

गाडी म्हणजे फियाट पालिओ १.६ जीटीएक्स, २००२ची. ही गाडी २००१ साली आली तेव्हा मी आयटीआय करून नुकताच फाउंड्रीत लागलो होतो. सचिनची जाहिरात सगळ्यांना आठवत असेल. मला मात्र आठवतं ते तिचं इंजिन: १,५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, सुमारे १०० अश्वशक्ती, आणि तेही एवढ्याशा हॅचबॅकमध्ये. त्या काळात आपल्याकडं सर्वसामान्याला परवडेल अशी स्पोर्ट्स कार म्हणजे हीच. मला ती मिळाली २०११ साली, कोल्हापूरच्या एका माणसाकडून. एनओसी, इकडचा रोड टॅक्स, सगळे सोपस्कार होऊन कोल्हापूरच्या एमएच-०९ची बेळगावची केए-२२ झाली तेव्हा घरात पेढ्याऐवजी कुंदा वाटला होता.

ही गाडी मी अजून का ठेवली, असं बरेच जण विचारतात. तिचं स्टिअरिंग हातात घेतल्यावर रस्ता कळतो, एवढंच कारण आहे, आणि मला ते पुरतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही चौघं गोव्याला निघालो. जांबोटी, मग कणकुंबी, जिथं मलप्रभेचा उगम आहे, आणि तिथून चोर्ला घाट. मागच्या डिकीत सामान. उतारावर मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली आणि पाय ब्रेकवर ठेवून वळणं घेत राहिलो. खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा जळका वास आला. पुढच्या वळणावर पेडल अर्ध्याच्या खाली गेलं. त्याच्या पुढच्या वळणावर ते जवळजवळ फ्लोअरला टेकलं. दोनदा पंप केल्यावर पकडलं, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढत ओढत गाडी कडेला घेतली. बायको काही बोलली नाही. मुलीनं विचारलं, "पप्पा, थांबलो का?" त्या एका प्रश्नानं पुढचा सगळा खर्च ठरला.

मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे. बावीस-तेवीस वर्षं बिडाच्या कास्टिंगमधले ब्लोहोल शोधण्यात गेली. त्यामुळं कडेला उभं राहून काय झालं असेल ते मला लगेच उमगलं. मोल्डच्या वाळूत ओल राहिली की वितळलेलं लोखंड आत आल्यावर त्या ओलीची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये पोकळी धरते. ब्रेक ऑइलचंही तेच. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळायचं नाही असा नियम आहे, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हीच हमी १५५वर येते. बेळगावचा पावसाळा बघता हे पाणी शिरायला फार वर्षं लागत नाहीत. माझं ऑइल किती वर्षांचं होतं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो: सहा. ते कॅलिपरपाशी, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापाशी, उकळलं, पाइपात वाफ झाली. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल खाली गेलं.

साडेतेराशे किलोची भरलेली गाडी सहाशे मीटर खाली आणायची म्हणजे सुमारे ८० लाख जूल उष्णता कुठंतरी घालवायला लागते. पंचवीस लिटर थंड पाण्याला उकळी येईल एवढी. इंजिनाला त्यातला वाटा उचलू दिला नाही, म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये उतरलं नाही, तर ती सगळी चार चाकांच्या ब्रेकवर येते, आणि त्यातही जास्त पुढच्या दोनांवर.

घरी आल्यावर महिनाभर मी मोठ्या ब्रेकच्या मागं लागलो. चार पिस्टनचे लाल कॅलिपर, मोठ्या, भोकं पाडलेल्या डिस्क, सोबत कॉइलओव्हर, म्हणजे उंची वर-खाली करता येणारे स्प्रिंग-शॉकअप. एका मोठ्या शहरातल्या दुकानानं फोनवर १,४०,००० रुपये सांगितले आणि वर म्हणाले, चाकंही पंधरा इंची घ्यायला लागतील. मी पैसे जमवायलाही सुरुवात केली होती. आमच्याच कारखान्यातल्या एका फिटरनं या गॅरेजचं सांगितलं. म्हणाला, पैसे द्यायच्या आधी एकदा मामांना दाखव.

मामा म्हणजे मिस्त्री. सगळे त्यांना मामाच म्हणतात. साठी ओलांडलेले, घरची भाषा कन्नड, पोरांशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी आपल्या बेळगावी मराठीत बोलतात. मी कॅलिपरचे फोटो मोबाईलवर दाखवले. त्यांनी ते बघितलेही नाहीत. खाली बसून पुढच्या टायरच्या कडेवरून बोट फिरवलं.

"साल बघितलास काय?"

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. माझ्या टायरवर २३१५ होतं, म्हणजे २०१५चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती म्हणून मी निर्धास्त होतो. मामांनी नख रोवून बघितलं, रबर लाकडासारखं लागलं.

"कॅलिपर मोठा घालतोस, घाल की. गाडी थांबिवणार कोण? रस्ता कोण धरूलालाय? टायरच न्हवं? हे टायर ठेवून तू ट्रकचा ब्रेक घातलास तरी चाक तेवढं जाम हुतंय, गाडी घसरत जातीया."

मग त्यांनी मोठ्या ब्रेकबद्दल जे सांगितलं ते त्या दुकानदारानं सांगितलं नव्हतं. पुढं मोठा पिस्टन घातला आणि पेडलनं ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला, तर जास्त ऑइल सरकवायला पेडल जास्त खाली दाबावं लागतं. शिवाय पुढच्या चाकांचा वाटा वाढतो, मागचे ड्रम नुसते सोबतीला राहतात. कंपनीनं पुढचा-मागचा जो हिशोब जुळवून दिलेला असतो तो मोडतो. "आधी कंपनीनं दिलेलं हुतं तेवढं तर परत आणूया. मग तुला कमी पडतंय का ते तूच सांग." हे गॅरेज कसलं आहे ते मला त्या वाक्यात समजलं. या माणसानं त्या दिवशी स्वतःचा निम्मा धंदा नाकारला.

मी पहिल्यांदा टायर घेतले, दुसरं काहीच नाही. मूळ मापाचे, चौदा इंची, चारही नवे, २०,८०० रुपये. आणि मोजमाप घेतलं, कारण मोजल्याशिवाय माझ्या मनाला पटत नाही. ओळखीच्या एका बंद कारखान्याच्या आवारात सिमेंटचा सरळ रस्ता आहे. मालकाची परवानगी घेऊन रविवारी सकाळी तिथं खडूची रेघ मारली, ६०च्या वेगानं रेघेवर ब्रेक दाबायचा आणि टेपनं मोजायचं. माझ्या गाडीला एबीएस नाही, म्हणून चाक जाम होऊ न देता. जुन्या टायरवर पाच वेळची सरासरी साडेतेवीस मीटर आली होती. नव्या टायरवर, बाकी सगळं तसंच, वीस मीटर. साडेतीन मीटर म्हणजे जवळजवळ एक अख्खी गाडी. हे मी मामांना सांगितलं तर ते नुसते मान हलवून म्हणाले, "आता आण गाडी."

गाडी लिफ्टवर गेली आणि तिचे खरे हाल दिसले. पुढच्या स्प्रिंगा आधीच्या मालकानं कापल्या होत्या, दीड वेढा. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून. मी चौदा वर्षं ती तशीच चालवली आणि 'पालिओ कडकच असते' असं समजत राहिलो. स्प्रिंग कापली की चालते वेढे कमी होतात आणि उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते. चाकाला वर जायला जागाही कमी राहते, आणि कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही. बम्प स्टॉपचं रबर दोन्हीकडं चुरा झालेलं. म्हणजे प्रत्येक मोठ्या खड्ड्यात लोखंड लोखंडाला आपटत होतं. शॉकअप काढल्यावर मामांनी त्याचा दांडा माझ्या हातात दिला. वरून दाबला तर पहिली दोन सेंटिमीटर काहीच अडलं नाही, मग एकदम जड. उजवीकडच्यातनं ऑइल गळून माती चिकटलेली.

ब्रेककडं डाव्या कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या होत्या. आतला पॅड तीन मिलिमीटर उरलेला, बाहेरचा आठ. म्हणजे त्या चाकावर एकच पॅड काम करत होता आणि तोच तापत होता. डिस्कच्या कडेवर किमान जाडी लिहिलेली असते. माझी डिस्क मायक्रोमीटरनं मोजली तर त्याच्या पाऊण मिलिमीटर खाली गेली होती. पातळ डिस्क म्हणजे उष्णता साठवायला लोखंडच कमी. चोर्ल्यात जे झालं त्यात नवल काहीच नव्हतं. मोठे कॅलिपर घ्यायला निघालेल्या माझ्या गाडीचे साधे कॅलिपरही धड सरकत नव्हते.

आता सामानाचं. फियाटनं भारतातला गाड्यांचा धंदा आवरल्याला काही वर्षं झाली, त्यामुळं पालिओचं सामान शोधणं हे वेगळंच काम आहे. ही गाडी कुर्ल्यात बनायची, म्हणून की काय, मुंबईत अजून बरंच मिळतं. शॉकअप, स्प्रिंगा आणि माउंटिंग ऑपेरा हाऊसच्या बाजारातनं आले, लोअर आर्म (चाक खालून धरणारा दांडा) आणि लिंक रॉड कोल्हापुरातनं. मामा स्वतः सामान विकत नाहीत. ते चिठ्ठीवर लिहून देतात, आपण आणायचं, आल्यावर ते तपासून घेणार. काहींना हा त्रास वाटेल. मला आवडलं, कारण प्रत्येक वस्तूची पावती माझ्या हातात आली.

डिस्कच्या बाबतीत मात्र मी माझं शहाणपण वापरलं. ब्रेक डिस्क म्हणजे ग्रे आयर्न, साधं बीड, आमचाच माल. त्यात ग्रॅफाइट पाकळ्यांसारखं पसरलेलं असतं, त्यामुळं उष्णता लवकर पसरते आणि कंप आतल्या आत विरतो. म्हणूनच ग्रे आयर्नवर हातोडी मारली की बद्द आवाज येतो, एसजी आयर्न, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांसारखं असतं ते बीड, घंटेसारखं वाजतं. मी दोन जोड्या मागवल्या होत्या, एक स्वस्त, एक त्याच्या दुप्पट किमतीची. दोन्ही कारखान्यात नेऊन हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) बाजूच्या तोंडावर हार्डनेस, म्हणजे कडकपणा, मोजला, पॅड घासतो तिथं नाही. स्वस्त जोडीतली एक १५० बीएचएन (कडकपणाचा ब्रिनेल आकडा), दुसरी १७०. एकाच जोडीत एवढा फरक म्हणजे डाव्या-उजव्या चाकाची झीज सारखी राहणार नाही. महाग जोडी दोन्ही २००च्या आसपास. ५,६०० रुपये देऊन तीच ठेवली. भोकं पाडलेल्या डिस्कचा नाद तिथंच सोडला. बिडाला भोक म्हणजे तडा सुरू व्हायला आयती जागा, आणि रस्त्यावरच्या गाडीला त्या भोकांचा म्हणावा असा फायदा नाही.

मामांचं काम बघण्यासारखं आहे. नवी डिस्क लगेच चढवली नाही. हबचं तोंड तारेच्या ब्रशनं, मग एमरीनं घासलं, डिस्क बसवून डायल लावला. ०.१२ मिलिमीटर रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क तेवढी डुलत होती. काढली, पुन्हा घासलं, एक बोल्टभोक फिरवून बसवली, ०.०४. तेव्हा कुठं पुढं गेले. हे मी आमच्या मशिन शॉपमध्ये रोज बघतो, पण गाडीच्या गॅरेजात डायल गेज लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं त्याला लोक 'डिस्क वाकली' म्हणतात. बऱ्याच वेळा डिस्क सरळ असते, खाली हबवर गंज असतो.

मागचे ड्रम शेजारच्या टर्निंग शॉपमध्ये नेऊन लेथवर नुसते साफ करून घेतले, कमाल व्यासाच्या आत राहून. नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर. रबरी होज काढून स्टीलची जाळी असलेले पाइप घातले, ५,५०० रुपये. जुने रबर पाइप दाब आल्यावर फुगतात आणि पायाला पेडल स्पंजासारखं लागतं. जाळीवाले फुगत नाहीत. एवढीच एक गोष्ट कंपनीपेक्षा वेगळी घातली असं म्हणता येईल, आणि थोडे वरच्या दर्जाचे पॅड. ऑइल डॉट ४च. सीलबंद डबे माझ्यासमोर फोडले आणि जुनं ऑइल बाटलीत काढून मला दाखवलं. काळ्या चहासारखं होतं.

एक प्रसंग सांगतो. आठव्या दिवशी लोअर आर्म बसवत होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळलेली, आणि पोरानं आर्मचे बोल्ट गच्च आवळून टाकले. मामा चहा पिऊन आले, एकदा बघितलं आणि पोराला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. पोरानं बोल्ट पुन्हा ढिले केले. गाडी खाली उतरवली, दोन माणसं पुढं बसवली, पुढंमागं ढकलली, आणि मग खड्ड्यात उतरून बोल्ट आवळले. मी कारण विचारलं. आर्मच्या बुशचं, म्हणजे सांध्यातल्या रबरी तुकड्याचं, रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. चाक लोंबत असताना आवळलं तर ती नळी त्याच स्थितीत पकडली जाते, आणि गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. काही महिन्यांत फाटतं, आणि मग लोक सामानाला नावं ठेवतात. मामा पोरावर ओरडले नाहीत. त्याच्याकडनंच मला समजावून सांगायला लावलं, मराठीत. पोरगं अडखळत का होईना, बरोबर सांगून गेलं. अशी शिकवणी आमच्या उद्यमबागेत कितीतरी शेडमध्ये चालत आलीय. ही माणसं गेली की हे ज्ञान कुठल्या पुस्तकात सापडणार नाही याची मला खरी काळजी वाटते.

तक्रारीही सांगायलाच हव्यात. चार दिवस सांगून अकरा लागले. त्यातले चार माउंटिंगच्या बेअरिंगची वाट बघण्यात गेले हे खरं, पण बाकीचे तीन दिवस गाडीला कुणी हात लावला नाही, कारण एका टेम्पोवाल्याचं काम मधे घुसलं. टेम्पोवर त्याचं पोट होतं, मला राग आला नाही, पण फोन करून सांगितलं असतं तर मी सुट्टी वाया घालवली नसती. फोन ते उचलतच नाहीत. बिल मागितल्यावर वहीच्या कागदावर लिहून दिलं, त्यात मजुरी ९,५०० एवढी एकच ओळ. मी बसून कामवार फोड लिहून घेतली, तर न कुरकुरता दिली. शेडमध्ये बसायला जागा नाही. आणि अलाइनमेंट तिथं होत नाही, ७०० रुपये देऊन दुसरीकडं करावी लागली. पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळल्याचा कोन, बाहेरच्या बाजूला भलताच गेला होता, स्प्रिंग आणि आर्म बदलल्यावर ते होणारच. त्यामुळं इथून निघालात की आधी अलाइनमेंटला जा, मधे घरी जाऊ नका.

सगळं मिळून ८३,५०० रुपये झाले, टायर धरून. दुकानदाराच्या दीड लाखाजवळच्या आकड्यात टायरही नव्हते, बुशही नव्हते. कागदपत्रांचंही एक सुख राहिलं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. माझी गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, दर पाच वर्षांनी आरसी नूतनीकरणाला आरटीओत तपासणी असते, पुढची २०२७ला. मूळ मापाचे टायर, मूळ उंचीच्या स्प्रिंगा, मूळ कॅलिपर, असं असल्यावर साहेबासमोर उभं राहायला मला काही वाटणार नाही.

पॅड रुळवायला मामांनी पद्धत सांगितली ती अशी. मोकळ्या रस्त्यावर ६०वरून २०वर आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा ६०. असं आठ-दहा वेळा, मग पाच-सहा किलोमीटर ब्रेक न लावता थंड होऊ द्यायचं. तापलेली डिस्क पॅडखाली धरून गाडी उभी केली तर तेवढ्या जागी पॅडचा थर चिकटतो आणि मग थरथर सुरू होते. मी पहाटे पाचला हायवेला काकतीच्या पुढं जाऊन हे केलं. आठव्या वेळेपासून पेडलखाली फरक कळायला लागला, जणू ब्रेकनं रस्ता ओळखला.

मग पुन्हा तो सिमेंटचा रस्ता, पुन्हा खडूची रेघ. ६०वरून साडेसतरा मीटर. साडेतेवीसवरून साडेसतरा. पाच वेळा, आणि पाचही वेळा अर्ध्या मीटरच्या आत. माझ्यासारख्या माणसाला सरासरीपेक्षा हा सारखेपणा जास्त समाधान देतो.

चालवताना काय बदललं ते सांगायला आकडे पुरत नाहीत. गोवावेसच्या आसपास रस्त्याला ठिगळं आहेत. तिथं आधी दात आपटायचे. आता चाक खाली जातं, वर येतं, आणि विषय संपतो. दुसरी उसळी येत नाही. मूळ उंचीच्या स्प्रिंगांनी गाडी दीड-दोन इंच वर आली. कोल्हापूरला जाताना वंटमुरीच्या आणि पुढं निपाणीजवळच्या तवंदी घाटाच्या वळणांवर मी आधी स्टिअरिंग दोनदा-तीनदा सावरायचो. आता एकदा वळवलं की गाडी तिथंच राहते. कडक म्हणजे स्पोर्टी असा माझा चौदा वर्षांचा समज होता, तो पार गेला. चाक रस्त्याला चिकटून राहिलं तरच पकड असते. उडणारं चाक ना वळवू शकतं ना थांबवू शकतं. शॉकअप आणि ब्रेक ही दोन वेगळी कामं नाहीत हे मला या गाडीनं शिकवलं.

थोडं उणं आहे ते असं. पॅड थंड असताना पहिल्या दोन ब्रेकला बारीक चिरचिर आवाज करतात, थंडीत जास्त. डिस्कच्या कडेला काळी धूळ बरीच पडते. मागचे शॉकअप गॅसचे आहेत, एकटा असलो की मागची बाजू किंचित कडक वाटते. चौघं बसले की नेमकी बसते.

या मेमध्ये आम्ही पुन्हा चोर्ल्यानं गेलो. तीच चार माणसं, जवळपास तेवढंच सामान. कणकुंबीला चहा घेतला. उतार सुरू झाल्यावर दुसरा गिअर टाकला आणि ब्रेक फक्त वळणाच्या आधी, जोरात आणि थोडा वेळ, मग पाय पूर्ण उचलून. खाली आलो तेव्हा पेडल जिथं वर होतं तिथंच होतं. धरणापाशी त्याच जागी मी मुद्दाम गाडी थांबवली, उतरून चाकांजवळ हात नेला. चारही बाजूंना ऊब होती, पुढं जास्त, मागं कमी, डावं-उजवं सारखं. जळका वास नव्हता. मुलगी तोवर झोपली होती.

कुणाला जायचं असेल त्यांच्यासाठी: सकाळी नऊच्या आत जा, तेव्हा मामा निवांत बोलतात. कुठलं सामान घ्यायचं हे ठरवून जाऊ नका, गाडी आधी लिफ्टवर चढू द्या. टायरचं साल घरीच वाचून जा. तारखेला दुप्पट दिवस धरा. आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारतील, तेव्हा खरं सांगा.

माझं अजून एक काम बाकी आहे. मागच्या बीमचे, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे, बुश तेव्हा मिळाले नव्हते. मामांनी बार घालून हलवून बघितलं आणि म्हणाले, वर्षभर चालतील, पण कायमचे नाहीत. मुंबईच्या माणसानं कळवलंय की जोडी आलीय. गणपती झाले की मागवतो, आणि दसऱ्याला गाडीची पूजा झाली की पुन्हा त्या शेडमध्ये सोडणार आहे. यावेळी दोन दिवसांचं काम सांगितलंय, मी चार दिवसांची रजा टाकलीय.